चालू पायथन प्रकल्पाला टाइप हिंट्स लावताना: पहिल्या रनपासून सीआयपर्यंत

पायथनमध्ये व्हेरिएबलचा टाइप कुठेच लिहावा लागत नाही. छोट्या स्क्रिप्टसाठी हे फार सोयीचं आहे. पण कोड वीस-तीस हजार ओळींवर गेला आणि लिहिणारे बदलले, की एखाद्या फंक्शनला नक्की काय द्यायचं आणि त्यातून परत काय मिळतं, हे शोधण्यातच वेळ जायला लागतो. त्यावरचा उपाय भाषेतच आहे. सप्टेंबर २०१५मध्ये आलेल्या पायथन ३.५सोबत टाइप हिंट्सची, म्हणजे कोडमध्येच टाइप लिहून ठेवण्याची, प्रमाणित पद्धत आली. गीडो वान रोसम, युक्का लेहतोसालो आणि वुकाश लांगा यांनी लिहिलेल्या पेप ४८४ या प्रस्तावात ती मांडलेली आहे.

दोन गोष्टी आधीच पक्क्या करून घ्या. एक, हिंट्स ऐच्छिक आहेत: एका फाइलीत आहेत, दुसरीत नाहीत, असा प्रकल्प व्यवस्थित चालतो. दोन, पायथन स्वतः त्या तपासत नाही. ‘इंट’ लिहिलेल्या फंक्शनला स्ट्रिंग दिली तरी ते फंक्शन चालू होतंच. तपासणी करतं ते वेगळं टूल, आणि तेही प्रोग्राम चालवण्याआधी. हिंट्समुळे प्रोग्राम वेगवान होईल ही अपेक्षाही ठेवू नका, पायथन त्यांचा तसा उपयोग करत नाही.

हा लेख आधीपासून चालू असलेल्या, टाइप नसलेल्या कोडबद्दल आहे. नवीन प्रकल्पात पहिल्या दिवसापासून कडक नियम लावता येतात. जुन्यात काम न थांबवता पुढे जायचं असतं. म्हणून इथे कुठली पायरी कधी घ्यायची, हा क्रमच सर्वांत महत्त्वाचा आहे.

कोड इथे देवनागरीत दिला आहे. टंकताना कीवर्ड, टाइपची नावं आणि पर्याय नेहमीच्या रोमन स्पेलिंगने लिहा.

हाताशी काय हवं

- पायथन ३.१० किंवा त्यापुढचं व्हर्जन. ३.९पासून ‘लिस्ट[इंट]’ असं थेट लिहिता येतं आणि ३.१०पासून ‘इंट | नन’ असं. त्याआधीच्या व्हर्जनवर असाल तर टायपिंग मॉड्यूलमधून मोठ्या अक्षराचे लिस्ट, डिक्ट, ऑप्शनल, युनियन इम्पोर्ट करावे लागतील. अर्थ तोच, फक्त लिहिणं लांबतं.
- मायपाय हा टाइप चेकर, ठरावीक व्हर्जनला बांधलेला. मायक्रोसॉफ्टचा पायराइटही उत्तम आहे आणि एडिटरमध्ये चटकन उत्तर देतो. पण मर्ज अडवण्याचा अधिकार एकाच टूलला द्या. काही ठिकाणी दोघांचे निकाल जुळत नाहीत, आणि दोघांनाही खूश करण्याच्या नादात कोड विनाकारण वाकडा होतो.
- प्रकल्पाचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, त्यात सगळ्या डिपेंडन्सी इन्स्टॉल केलेल्या.
- चालणाऱ्या टेस्ट. हिंट्स लावताना तुम्ही फक्त हिंट्स लिहीत नाही, मधूनमधून कोडही बदलता.
- गिट आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालणारं सीआय, म्हणजे बदल आला की तपासण्या आपोआप चालवणारी यंत्रणा.

१. मायपाय बसवा, पण योग्य जागी

प्रकल्पाच्याच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पिप इन्स्टॉल मायपाय’ चालवा. सगळ्या मशीनवर एकच ग्लोबल मायपाय ठेवण्याचा मोह टाळा. वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमधल्या मायपायला तुमच्या लायब्रऱ्या दिसत नाहीत. मग प्रत्येक इम्पोर्टवर एरर येते, आणि लोक वैतागून त्या एरर सरसकट बंद करतात. ग्लोबलच वापरायचं असेल तर ‘पायथन-एक्झिक्युटेबल’ हा पर्याय देऊन प्रकल्पाच्या पायथनचा पाथ सांगा.

कॉन्फिगरेशन पायप्रोजेक्ट टॉमल फाइलीत, ‘टूल.मायपाय’ या विभागात ठेवा. सुरुवातीला चार गोष्टी पुरेत: पायथनचं व्हर्जन, तपासायचे फोल्डर, ‘वॉर्न अनयूज्ड कॉन्फिग्ज’ आणि ‘वॉर्न अनयूज्ड इग्नोर्स’. फोल्डरमध्ये कधीकाळची मायपाय आयएनआय फाइल पडलेली नाही ना, हे बघा. ती असेल तर मायपाय तीच वाचतो आणि टॉमलमधलं काहीच लागू होत नाही. बदल करूनही फरक पडत नाही, अशा वेळी आधी हीच शंका घ्या.

‘एकच सोर्स फाइल दोन मॉड्यूल नावांनी सापडली’ अशी एरर पहिल्याच रनला आली, तर बहुतेक वेळा एखाद्या फोल्डरमध्ये इनिट फाइल घालायची राहून गेलेली असते. ती घाला. नेमस्पेस पॅकेज, म्हणजे इनिट फाइल नसलेलं पॅकेज, मुद्दाम वापरत असाल तर ‘एक्स्प्लिसिट पॅकेज बेसेस’ चालू करा.

‘डॉट मायपाय कॅश’ हा फोल्डर गिट-इग्नोरमध्ये टाका.

२. पहिल्या रनच्या ‘शून्य एरर’वर विश्वास ठेवू नका

इथे जवळजवळ प्रत्येक नवखा फसतो. मोठ्या प्रकल्पावर मायपाय चालवला, ‘सक्सेस, नो इश्यूज फाउंड’ असा हिरवा संदेश आला, आणि कोड स्वच्छ आहे असं वाटलं. खरं कारण वेगळं आहे: ज्या फंक्शनच्या सहीत, म्हणजे आर्ग्युमेंट आणि परतीच्या टाइपच्या ओळीत, एकही हिंट नाही, त्याची बॉडी मायपाय मुळात तपासतच नाही. ऐच्छिक टायपिंगचा करारच तसा आहे. तुम्ही काही दावा केला नाही, तर चेकरही काही बोलत नाही.

म्हणून ‘चेक अनटाइप्ड डेफ्स’ हा पर्याय सुरुवातीलाच चालू करा. आता हिंट नसलेल्या फंक्शनच्या आतही नजर जाते. आर्ग्युमेंटचे टाइप माहीत नसल्यामुळे ती अर्धीच असते, तरी चुकलेलं अॅट्रिब्यूटचं नाव, मॉड्यूलमध्ये नसलेलं फंक्शन, कमी-जास्त आर्ग्युमेंट अशा चुका लगेच वर येतात.

याच नियमाचा दुसरा फटका टेस्टना बसतो. टेस्ट फंक्शन बहुधा आर्ग्युमेंट घेत नाही आणि काही परतही देत नाही, त्यामुळे त्यावर हिंट लिहायला कुणी जात नाही. मग सगळ्या टेस्ट तपासणीबाहेर राहतात. उपाय सोपा आहे:

    डेफ टेस्ट_रिकामं_बिल() -> नन:

शेवटचं ‘-> नन’ लिहिलं की फंक्शन टाइप केलेलं समजलं जातं. आर्ग्युमेंट नसलेल्या इनिट मेथडलाही हेच लागू. इनिटमध्ये निदान एका आर्ग्युमेंटवर हिंट असेल तर मात्र परतीचा टाइप गाळला तरी मायपाय चालवून घेतो.

३. बाहेरच्या लायब्रऱ्या आधी मार्गी लावा

पहिल्या यादीतल्या पुष्कळशा एरर इम्पोर्टच्या असतात. त्यांचे दोन प्रकार आहेत, आणि इलाजही वेगळे आहेत.

‘मॉड्यूल सापडलं नाही’ म्हणजे लायब्ररी या एन्व्हायर्नमेंटमध्ये नाहीच. ती इन्स्टॉल करा.

‘स्टब्ज किंवा पाय-टाइप्ड मार्कर नाही’ म्हणजे लायब्ररी आहे, पण तिच्या टाइपची माहिती नाही. अनेक लोकप्रिय लायब्रऱ्यांचे स्टब, म्हणजे फक्त टाइपची माहिती असलेल्या फाइली, टाइपशेड या सामायिक भांडारातून येतात आणि ‘टाइप्स-’ या उपसर्गाने वेगळे इन्स्टॉल होतात, उदाहरणार्थ ‘टाइप्स-रिक्वेस्ट्स’. ते डेव्हलपमेंट डिपेंडन्सीत नोंदवा. जँगोसाठी ‘जँगो-स्टब्ज’ आणि त्याचं प्लगइन लागतं. एसक्यूएलअल्केमीच्या २.० व्हर्जनपासून टाइप त्यातच आहेत.

कुठेच स्टब नसेल तर कॉन्फिगरेशनमध्ये फक्त त्या लायब्ररीच्या नावाने ओव्हरराइड, म्हणजे तेवढ्यापुरता वेगळा नियम, लिहून तिथेच ‘इग्नोर मिसिंग इम्पोर्ट्स’ चालू करा. हा पर्याय वर, सगळ्या प्रकल्पासाठी लावू नका. तसं केलं की तुमच्याच मॉड्यूलच्या नावातली चूकही गिळली जाते, आणि त्या इम्पोर्टमधून आलेली प्रत्येक वस्तू ‘एनी’, म्हणजे न तपासली जाणारी, होते.

४. कुठली फाइल आधी घ्यायची

सगळ्यात सोपी फाइल आधी उचलली जाते, आणि ती बहुधा कुणी इम्पोर्ट न करणारी एखादी स्क्रिप्ट असते. तिला हिंट्स लावून मिळत काहीच नाही.

जी फाइल सर्वांत जास्त ठिकाणी इम्पोर्ट होते, तिथून सुरुवात करा: मॉडेल, सामायिक यूटिलिटी, डेटाबेसशी बोलणारा थर. इथल्या एका फंक्शनवर लिहिलेली हिंट त्याला बोलावणाऱ्या पन्नास जागा तपासते. शोधायला खास टूल लागत नाही; मॉड्यूलचं नाव इम्पोर्टच्या ओळींत किती वेळा येतं, हे ग्रेपने मोजलं तरी भागतं.

त्या फाइलींतही आधी नुसत्या सह्या टाइप करा, म्हणजे आर्ग्युमेंट आणि परतीचा टाइप. बॉडीतल्या व्हेरिएबलवर हिंट लिहिण्याची गरज क्वचितच पडते, कारण मायपाय ते टाइप स्वतः ओळखतो. फक्त रिकाम्या लिस्ट आणि डिक्टबाबत त्याला कधीकधी सांगावं लागतं: ‘चुका: लिस्ट[स्ट्र] = []’.

जुना कोड फार असेल तर इन्स्टाग्रामने तयार केलेला मंकीटाइप मदतीला घेता येतो. तो टेस्ट चालत असताना प्रत्यक्ष आलेले टाइप टिपून ठेवतो आणि त्यावरून हिंट्स सुचवतो. मात्र त्याला दिसतं तेवढंच तो लिहितो. टेस्टमध्ये कधीच नन आलं नसेल तर त्याच्या हिंटमध्येही नन नसणार. त्याचं काम हा कच्चा खर्डा समजून ओळ न् ओळ वाचा.

५. नन: खरा फायदा इथे आहे

टाइप चेकर बसवण्याचं एकच कारण सांगायचं झालं, तर ते नन आहे. म्हणून ही पायरी घाईत उरकू नका. उदाहरण बघा.

    डेफ दर_शोधा(वस्तू, यादी):
        रिटर्न यादी.गेट(वस्तू)

    डेफ रक्कम(वस्तू, नग, यादी):
        रिटर्न दर_शोधा(वस्तू, यादी) * नग

दर पैशांत आहेत, म्हणजे इंट. पहिल्या फंक्शनला सही देऊ:

    डेफ दर_शोधा(वस्तू: स्ट्र, यादी: डिक्ट[स्ट्र, इंट]) -> इंट:

मायपाय लगेच अडतो: परतीचा टाइप जुळत नाही, मिळालं ‘इंट | नन’, अपेक्षित होतं ‘इंट’. बरोबरच आहे, की नसेल तर डिक्टचं गेट नन देतं. आता बहुतेक जण परतीच्या टाइपला ‘| नन’ जोडतात. इथली एरर जाते, पण ‘रक्कम’ला सही दिली की गुणाकाराच्या ओळीवर नवी उगवते: ननला इंटने गुणता येत नाही. तिथेही काहीतरी चिकटवून पुढे सरकलं, की ‘| नन’ सगळ्या कोडभर पसरतं आणि प्रत्येक फंक्शनमध्ये एक तपासणी वाढते.

थांबून एकच प्रश्न विचारा: यादीत नसलेल्या वस्तूचा दर मागणं ही रोजची शक्यता आहे, की चूक? चूक असेल तर गेट सोडा आणि ‘यादी[वस्तू]’ लिहा. परतीचा टाइप इंटच राहतो, आणि वस्तू नसेल तर की-एरर त्याच जागी येते, चार फंक्शन पुढे जाऊन नाही. रोजची शक्यता असेल तर ‘इंट | नन’ ठेवा आणि बोलावणाऱ्याला निर्णय घ्यायला लावा:

    दर = दर_शोधा(वस्तू, यादी)
    इफ दर इज नन:
        रेज वस्तू_नाही(वस्तू)
    रिटर्न दर * नग

‘इज नन’च्या तपासणीनंतर मायपाय दर हा इंटच धरतो. याला नॅरोइंग म्हणतात.

इथला धोका चेकरला दिसत नाही, म्हणून तुम्हीच सांभाळायचा. ‘इफ नॉट दर’ असं लिहिलं तरी मायपायची हरकत नसते. पण दर शून्य असेल, एखादी वस्तू मोफत असेल, तरी तो कोड तिला ‘यादीत नाही’ म्हणून परत पाठवतो. रिकामी स्ट्रिंग आणि रिकामी लिस्ट यांचंही तसंच. नन तपासायचं असेल तर ‘इज नन’च लिहा.

नन देणाऱ्या नेहमीच्या जागा ध्यानात ठेवा: डिक्टचं गेट, रेग्युलर एक्स्प्रेशनचं मॅच आणि सर्च, ओएस एन्व्हायरनचं गेट, डेटाबेसमधून ‘पहिली ओळ’ आणणारी मेथड. ‘डेफ पाठवा(वेळ: इंट = नन)’ ही जुनी पद्धतही आता चालत नाही. मायपायच्या ०.९९० व्हर्जनपासून डीफॉल्ट नन असला तरी ‘इंट | नन’ स्पष्ट लिहावं लागतं.

६. लिस्ट, टपल आणि मंडळी

लिस्ट[इंट] ही लिस्ट[फ्लोट] घेणाऱ्या फंक्शनला दिली की एरर येते, आणि नवख्याला ती अन्यायकारक वाटते, कारण सुटा इंट फ्लोटच्या जागी चालतो. कारण असं: लिस्ट बदलता येते. त्या फंक्शनने तुमच्या लिस्टमध्ये २.५ घातला, तर बाहेर तुमची इंटची लिस्ट इंटची राहत नाही. फंक्शन फक्त वाचत असेल तर आर्ग्युमेंटचा टाइप ‘सीक्वेन्स[फ्लोट]’ करा, नुसतं फिरायचं असेल तर ‘इटरेबल’, आणि डिक्टसाठी ‘मॅपिंग’. आर्ग्युमेंट सैल, परतीचा टाइप नेमका, ही सवय लावून घ्या.

सीक्वेन्स[स्ट्र]मध्ये एक खाच आहे. साधी स्ट्रिंग ही स्वतःच स्ट्रिंगांचा सीक्वेन्स असते. ईमेल पत्त्यांची लिस्ट घेणाऱ्या फंक्शनला एकच पत्ता दिला तर मायपाय गप्प राहतो, आणि लूप त्या पत्त्याच्या एकेका अक्षराला मेल पाठवायला बघतो. अशा जागी लिस्ट[स्ट्र]च लिहिणं बरं.

टपल[इंट] म्हणजे बरोबर एका इंटचा टपल. कितीही इंट चालणार असतील तर ‘टपल[इंट, ...]’ लिहा, तीन टिंबं त्या टाइपचाच भाग आहेत.

‘*आर्ग्ज: इंट’ याचा अर्थ प्रत्येक आर्ग्युमेंट इंट, तिथे टपल लिहू नका. ‘**क्वार्ग्ज: स्ट्र’ म्हणजे प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग.

क्लासच्या मेथडमधून त्याच क्लासची वस्तू परत द्यायची असेल तर ३.१४च्या आधीच्या पायथनमध्ये क्लासचं नाव अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर फाइल लोड होतानाच नेम-एरर येते; तोवर क्लास पूर्ण तयार झालेला नसतो. ३.११पासून त्यासाठी ‘सेल्फ’ हा टाइपही आहे. फक्त हिंटसाठी केलेल्या इम्पोर्टमुळे दोन मॉड्यूल एकमेकांत अडकत असतील, तर तो इम्पोर्ट ‘इफ टाइप चेकिंग’ या अटीखाली हलवा. ती अट चेकरसाठी खरी असते आणि प्रोग्राम चालताना खोटी, त्यामुळे ३.१४च्या आधी अशा नावांनाही हिंटमध्ये अवतरणचिन्हं लागतात.

७. ‘एनी’ कुठून शिरतो ते ओळखा

एनी म्हणजे ‘इथे तपासू नका’. जुन्या आणि नव्या कोडमधला सांधा म्हणून तो हवाच, त्याच्याशिवाय टप्प्याटप्प्याने जाताच येणार नाही. अडचण अशी की तो पसरतो. एनीवर बोलावलेली मेथड एनी, तिचा निकाल एनी, आणि तो निकाल ज्या व्हेरिएबलमध्ये जातो तेही बहुधा एनी.

शिरण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. स्टब नसलेली लायब्ररी ही एक. नुसतं ‘लिस्ट’ किंवा ‘डिक्ट’ लिहिणं ही दुसरी, कारण कंस नसले तर आतला टाइप एनी धरला जातो. तिसरी, टाइप न केलेला डेकोरेटर: फंक्शनवर कितीही नीट हिंट्स असल्या, तरी वरचा डेकोरेटर अनटाइप्ड असेल तर बाहेरून ते फंक्शन एनी दिसतं. डेकोरेटरला ‘पॅरॅमस्पेक’ वापरून टाइप करा, तो ३.१०पासून टायपिंग मॉड्यूलमध्ये आहे.

चौथी वाट सर्वांत धोक्याची: जेसन.

    बिल: बिल_नोंद = जेसन.लोड्स(मजकूर)

ही ओळ एरर देत नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं की बिल तपासून आलं आहे. लोड्स एनी देतं आणि एनी कुठेही बसतो. समोरून ‘रक्कम’ ही की आलीच नाही, किंवा आकड्याऐवजी स्ट्रिंग आली, तर हिंट तुम्हाला वाचवणार नाही. बिल_नोंद हा टाइप्ड-डिक्ट, म्हणजे ठरलेल्या की असलेल्या डिक्टचा टाइप, असला तरी प्रोग्राम चालताना तो साधा डिक्टच असतो. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक डेटाची, म्हणजे जेसन, सीएसव्ही, फॉर्म, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यांची, आत घेतानाच खरी तपासणी करा. पायडँटिकसारखी लायब्ररी वापरा किंवा हाताने लिहा, पण त्या रेषेनंतर आत फक्त तपासलेल्या वस्तू फिरू द्या.

‘कास्ट’ही काही तपासत नाही, तो चेकरला दिलेला नुसता शब्द आहे. त्याऐवजी ‘असर्ट इजइन्स्टन्स’ बरा, कारण तो चालताना खरंच बघतो. मात्र पायथन ‘-ओ’ पर्यायाने चालवला तर असर्ट गाळले जातात.

‘कुठलीही वस्तू चालेल’ असं खरंच म्हणायचं असेल तर एनी नको, ‘ऑब्जेक्ट’ लिहा. ऑब्जेक्ट सगळं स्वीकारतो, पण टाइप तपासल्याशिवाय त्यावर काही करू देत नाही. आणि लहान अक्षरातला ‘एनी’ हे पायथनचं वेगळं फंक्शन आहे. टाइप म्हणून मोठ्या अक्षराचाच लागतो.

एखाद्या ओळीवर शंका आली तर ‘रिव्हील टाइप’ वापरा. व्हेरिएबलला त्याचा कंस घातला की मायपाय त्या जागी समजलेला टाइप छापतो. काम झालं की ती ओळ काढून टाका. पूर्ण प्रकल्पात एनी किती उरला, हे बघायला ‘एनी-एक्स्प्र्स-रिपोर्ट’ हा पर्याय फोल्डरच्या नावासह द्या. फाइलवार टक्केवारी मिळते.

८. इग्नोर लिहायचाच तर कोडसकट

काही एरर आज सुटणार नाहीत. तिथे ‘# टाइप: इग्नोर’ ही टिप्पणी चालते, पण नुसती लिहू नका. चौकोनी कंसात एररचा कोड द्या, जसं ‘इग्नोर[आर्ग-टाइप]’. नुसता इग्नोर त्या ओळीवरची उद्याची वेगळी चूकही झाकतो. ‘इग्नोर-विदाउट-कोड’ हा एरर कोड चालू केला की बिनकोडाचा इग्नोर मायपायच नाकारतो. पहिल्या पायरीत लावलेला ‘वॉर्न अनयूज्ड इग्नोर्स’ इथे कामाला येतो: मूळ अडचण मिटली की उरलेली टिप्पणी तो दाखवतो.

९. सीआयमध्ये टाका आणि मागे जायची वाट बंद करा

सगळ्या एरर सुटेपर्यंत सीआयची वाट बघू नका. इकडे तुम्ही दहा सोडवाल, तिकडे पंधरा नव्या येतील. करायचं असं: ज्या जुन्या मॉड्यूलमध्ये एरर आहेत त्यांची नावं एका ओव्हरराइडमध्ये लिहा आणि तिथे ‘इग्नोर एरर्स’ चालू करा. आता पूर्ण रन स्वच्छ येतो आणि लगेच मर्जची अट म्हणून लावता येतो. त्यानंतर नियम एकच, ही यादी फक्त लहान होईल. नवीन नाव घालणारी पुल रिक्वेस्ट रिव्ह्यूमध्ये थांबवा.

मायपायचं व्हर्जन नेमक्या आकड्याला बांधा. नवीन व्हर्जन नव्या चुका दाखवतं, आणि त्या एखाद्या असंबंधित बदलाच्या वाटेत येऊ नयेत. अपग्रेड वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये करा.

प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी, वापरत असाल तर तो मायपायला स्वतःच्या वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवतो. तिथे तुमच्या लायब्रऱ्या नसतात, म्हणून लॅपटॉपवर एक निकाल आणि सीआयमध्ये दुसरा असं होतं. हुकच्या ‘अॅडिशनल डिपेंडन्सीज’मध्ये त्या नोंदवा, किंवा हुकमधून प्रकल्पाचाच मायपाय बोलवा. मोठ्या कोडवर रोजच्या कामासाठी ‘डीमायपाय रन’ वापरा. तो मागे चालू राहतो आणि दुसऱ्या रनपासून फक्त बदललेला भाग बघतो.

१०. कडकपणा एकेका पायरीने वाढवा

कडक नियम एकत्र लावणारा ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय पहिल्याच दिवशी लावला तर एररची संख्या बघूनच टीम हात टेकते. शिवाय तो पूर्ण प्रकल्पासाठीचा पर्याय आहे, मॉड्यूलनिहाय विभागात त्यावर विसंबू नका. तिथे सुटे पर्याय लिहा, साधारण या क्रमाने:

- ‘डिसअलाव इनकम्प्लीट डेफ्स’: सही अर्धवट टाइप केलेली चालणार नाही. हा लवकर लावा, खर्च कमी आणि उपयोग जास्त.
- ‘डिसअलाव अनटाइप्ड डेफ्स’: प्रत्येक फंक्शनला हिंट हवीच. आधी पूर्ण झालेल्या मॉड्यूलवर आणि सगळ्या नव्या मॉड्यूलवर.
- ‘डिसअलाव एनी जेनेरिक्स’: नुसतं लिस्ट, डिक्ट बंद.
- ‘वॉर्न रिटर्न एनी’ आणि ‘डिसअलाव अनटाइप्ड कॉल्स’: हे शेवटी, कारण खालचे थर टाइप झाल्याशिवाय यांचा नुसता गोंगाट होतो.

सगळंच टाइप करायचा हट्ट नको. एकदाच चालवायच्या मायग्रेशन स्क्रिप्ट, लवकरच काढून टाकायचं मॉड्यूल, मेटाक्लास आणि सेट-अॅट्रने चालणारे भाग तसेच राहू द्या. ड्रॉपबॉक्समध्ये सुमारे ४० लाख ओळींचा पायथन कोड टाइप तपासणीखाली आला, तोही काही वर्षं टप्प्याटप्प्याने.

तुमचा प्रकल्प दुसऱ्यांना लायब्ररी म्हणून द्यायचा असेल तर एक काम उरतं. पॅकेजच्या फोल्डरमध्ये ‘पाय डॉट टाइप्ड’ नावाची रिकामी फाइल ठेवा. ती नसेल तर तुम्ही लिहिलेल्या सगळ्या हिंट्स वापरणाऱ्याच्या मायपायसाठी नसल्यात जमा असतात आणि त्याला तिसऱ्या पायरीतलीच एरर दिसते. फाइल नुसती रेपॉझिटरीत असून भागत नाही, ती पॅकेज डेटा म्हणून व्हीलमध्येही, म्हणजे इन्स्टॉल होणाऱ्या पॅकेजच्या फाइलीतही, गेली पाहिजे. रिलीजआधी तयार झालेलं व्हील उघडून ती आत आहे का, हे स्वतः बघा.